बाकड्याची दोन टोकं

दशावतारी नाटकाला नेपथ्य नसतं. मागे एक पडदा, मध्ये एक बाकडं आणि बाजूला पेटी, मृदंग, झांज घेऊन बसलेली मंडळी. एवढ्यावर रात्रभर राजवाडा, अरण्य, स्वर्ग सगळं उभं राहतं. राजा बाकड्याच्या एका टोकाला, राक्षस दुसऱ्या टोकाला, आणि दोघांच्या मधली मोकळी जागा हीच रणभूमी. संवाद लिहिलेले नसतात, ते तिथल्या तिथे सुचतात. म्हणून एक बोलत असताना दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काय चाललंय हेही बघणाऱ्याला तितकंच हवं असतं. हे आधीच सांगते, कारण पुढे जे आकडे येणार आहेत ते सगळे या दोन टोकांपायीच माझ्या वाट्याला आले.

2009 सालची गोष्ट. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका केबलच्या ऑफिसात मी नुकतीच कामाला लागले होते. स्थानिक चॅनलसाठी दुकानांच्या जाहिराती तयार करायच्या, वाढदिवसाचे फोटो लावायचे, दुपारी एखादं भजन लावायचं, एवढंच काम. व्हिडिओ मिक्सिंगचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर होता, पण त्यातली चार बटणं सोडली तर मला काही माहीत नव्हतं. त्या वर्षी मुंबईचा माझा मावसभाऊ जत्रेला आला तो एचडीव्ही कॅमेरा घेऊनच. देवळासमोर रात्रभर उभं राहून त्याने दशावताराचं अख्खं आख्यान मिनी डीव्ही कॅसेटींवर उतरवलं. कॅसेटी आणि कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाला, "तुमच्या चॅनलवर लाव. गावातल्या सगळ्यांना बघू दे." आणि रात्रीच्या गाडीने गेला.

त्याने शूटिंग केलं होतं रुंद, 16:9. गावातले टीव्ही सगळे डबे, 4:3. आमची केबलही 4:3 चं चित्र पाठवणारी. म्हणजे रुंदीला सोळा भाग असतील तर उंचीला नऊ असं चित्र, रुंदीला चार आणि उंचीला तीन अशा काचेत बसवायचं. ऐकायला हे एका वाक्याचं काम वाटतं.

कॅमेऱ्याच्या मेनूत डाउन कन्व्हर्ट अशी एक जागा होती आणि तिच्यात तीन पर्याय: स्क्वीझ, लेटरबॉक्स, एज क्रॉप. ऑफिसच्या वरच आमच्या मालकांचं, भाऊंचं घर. त्यांच्या टीव्हीला कॅमेरा जोडून मी तिन्ही एकामागून एक लावून बघितले. स्क्वीझ केल्यावर सगळे नट उंच आणि लुकडे झाले. राजाचा मुकुट लांबुळका, मृदंगाचं गोल तोंड अंड्याच्या आकाराचं. लेटरबॉक्समध्ये सगळं प्रमाणात आलं, पण वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि माणसं लहान झाली. एज क्रॉपमध्ये काच पूर्ण भरली, माणसंही मोठी दिसली. मी सुटकेचा श्वास सोडणार, इतक्यात भाऊंची आई म्हणाली, "राजा खंय गेलो?"

राजा बाकड्याच्या डाव्या टोकाला होता. त्याचा एक हात तेवढा काचेत येत होता. राक्षस उजवीकडे, त्याची तलवार दिसत होती. मध्ये स्वच्छ, सुंदर, पूर्ण काचभर दिसत होतं ते बाकडं.

हिशेब असा आहे. उंची तशीच ठेवून 16:9 मधून 4:3 कापायचं तर रुंदीचा पाऊण भागच उरतो. पाव भाग जातो, म्हणजे प्रत्येक बाजूने साडेबारा टक्के. क्रिकेटमध्ये फलंदाज मध्ये असतो, बातम्यांत निवेदक मध्ये असतो. तिथे कडा गेल्या तरी फार बिघडत नाही. दशावतारात मात्र नाटकच कडांवर चालतं.

लेटरबॉक्सचा हिशेब उलटा. आपल्याकडच्या तेव्हाच्या पाल पद्धतीच्या टीव्हीत चित्राच्या 576 ओळी. त्यातल्या 432 ओळींत चित्र, वर 72 आणि खाली 72 ओळी काळ्या. 21 इंची टीव्हीची काच जेमतेम 17 इंच रुंद आणि साडेबारा इंच उंच. तिच्यात रुंद चित्र साडेनऊ इंच उंचीचं होतं. भाऊ म्हणाले, "लोक फोन करून विचारतील, टीव्ही बिघडला की काय? आणि ओसरीवर बसून बघणाऱ्याला चेहरे दिसायला नकोत?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. कितीतरी घरांत तर 14 इंची पोर्टेबल होते. सबंध चित्र दाखवणं खरं, पण त्यात डोळ्यांतलं काजळच दिसणार नसेल तर सबंध दाखवून काय दाखवलं?

हे कॅमेऱ्याच्या मेनूतून भागणारं नाही म्हणून मी कॅसेटी जशाच्या तशा कॉम्प्युटरवर कॅप्चर करून घेतल्या. आणि तिथे खरी चक्रावले.

एचडीव्हीचं चित्र 1440 बाय 1080. कॅल्क्युलेटरवर भागलं तर येतं 4:3! पण ते 16:9 आहे म्हणतात. टीव्हीसाठीचं चित्र 720 बाय 576. त्याचा भागाकार 1.25, म्हणजे ते 4:3 सुद्धा नाही. त्याहून कहर म्हणजे प्रोग्रॅममध्ये पाल 4:3 निवडलं तरी 720 बाय 576 आणि पाल वाइडस्क्रीन निवडलं तरी 720 बाय 576. अरुंद आणि रुंद चित्राला ठिपके तेवढेच! मी कागदावर पुन्हा पुन्हा गुणाकार-भागाकार केले. काही जुळेना.

उलगडा झाला तो एका छोट्या रकान्यामुळे. त्यात लिहिलं होतं पिक्सेल अ‍ॅस्पेक्ट रेशो. मी ठिपका चौरस धरून चालले होते, आणि टीव्हीचा ठिपका चौरस नसतो. एचडीव्हीचा एकेक ठिपका उंचीपेक्षा 1.333 पट रुंद. 1440 ला तेवढ्याने गुणलं की 1920 येतात, आणि 1920 बाय 1080 म्हणजे बरोबर 16:9. पाल वाइडस्क्रीनमध्येही तेच. ठिपके 720 च, पण प्रत्येकाने दाखवताना रुंद व्हायचं. रुंद व्हायची ती खूण न कळणाऱ्या टीव्हीवर ठिपके रुंद होत नाहीत आणि राजाचा मुकुट लांबतो. स्क्वीझचा अर्थ मला तेव्हा लागला. चित्र मुद्दाम दाबून साठवलेलं असतं, उलगडायचं काम दाखवणाऱ्याचं.

तरी एक खडा दाताखाली राहिलाच. माझ्याकडच्या मार्गदर्शकात पाल 4:3 च्या ठिपक्याची रुंदी 1.067 छापली होती आणि प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत 1.094 होती. वाइडस्क्रीनसाठी एकीकडे 1.422, दुसरीकडे 1.4587. कुठला खरा? 576 ओळींना 4:3 ने गुणलं की 768. त्याला 720 ने भागलं की 1.067 मिळतं. पण टीव्हीच्या एका ओळीत चित्र असतं ते 52 मायक्रोसेकंद, आणि डिजिटल करताना सेकंदाला 1 कोटी 35 लाख ठिपके मोजतात. गुणाकार केला की चित्राचे ठिपके येतात 702; उरलेले 18 कडांची राखीव जागा. 768 ला 702 ने भागा, 1.094 येतं. जुना आकडा त्या राखीव कडा चित्रातच धरत होता. चेहऱ्यात पडणारा फरक अडीच टक्क्यांचा, सहज डोळ्यांना न जाणवणारा. पण हे जमलं त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो मी कुणाला समजावून सांगू शकले नाही. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं, आणि लाइट गेली होती.

मुळात हे 16:9 आलं कुठून, हाही प्रश्न होताच. सुरुवातीचा सिनेमा जवळपास 4:3 होता आणि टीव्हीने तोच आकार उचलला. मग घरोघरी टीव्ही आल्यावर लोकांना थिएटरात ओढण्यासाठी सिनेमा रुंद झाला. 1953 मध्ये 'द रोब' हा सिनेमास्कोपमधला पहिला चित्रपट आला. आपल्याकडे 1959 मध्ये गुरुदत्तांचा 'कागज के फूल'. पुढे हाय डेफिनिशन टीव्हीचा आकार ठरवायची वेळ आली तेव्हा 1980 च्या दशकात कर्न्स पॉवर्स या अभियंत्याने चालू असलेल्या सगळ्या आकारांचे आयत, क्षेत्रफळ सारखं ठेवून, एकावर एक मांडले. सगळ्यांना सामावणारा आयत निघाला तो 16:9 च्या जवळचा. अरुंद टोकाला 1.33, रुंद टोकाला 2.35; दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं तर 1.77 येतं. कुणालाच पूर्ण जागा नाही, पण कुणाला फार अडचणही नाही, असा तो मधला आकार.

असाच मधला आकार मला हवा होता, आणि तोही होता. 14:9. ब्रिटनमध्ये रुंद टीव्ही येऊ लागले आणि जुनेही चालू होते, त्या काळात बीबीसीने तो वापरला. रुंद चित्राच्या दोन्ही बाजू थोड्या कापायच्या आणि वर-खाली बारीक काळ्या पट्ट्या राहू द्यायच्या. रुंदीचे साडेसत्त्याऐंशी टक्के राहतात, 576 पैकी 494 ओळी चित्राला मिळतात, पट्ट्या एकेचाळीस-एकेचाळीस ओळींच्या. शिवाय डबा टीव्ही चित्राच्या कडा थोड्या काचेबाहेरच ढकलतो. म्हणून तर महत्त्वाची हालचाल मधल्या नव्वद टक्क्यांत आणि अक्षरं मधल्या ऐंशी टक्क्यांत ठेवायची असा टीव्हीवाल्यांचा जुना नियम आहे. त्यामुळे कॉम्प्युटरवर जाड दिसणाऱ्या त्या पट्ट्या घरच्या टीव्हीवर जेमतेम बोटभर उरल्या. खालच्या पट्टीत दुकानांच्या जाहिरातींची सरकती ओळ बसते हे लक्षात आल्यावर भाऊंचीही तक्रार मावळली. एरवी ती ओळ नटांच्या पायांवरून जायची.

पण 14:9 करायचं म्हणजे 1080 ओळींचं चित्र मला स्वतःला 494 ओळींत आणायचं होतं. तिथे संकासुर आडवा आला.

दशावतारातला संकासुर काळ्या वेषात येतो, उड्या मारतो, लोकांच्या खोड्या काढतो. कॉम्प्युटरवर त्याच्या उड्या झकास दिसत होत्या. वर भाऊंच्या टीव्हीवर लावल्या तर तो प्रत्येक उडीत थरथरत होता. पुढे जाऊन किंचित मागे यायचा, पुन्हा पुढे. हाताने कॅमेरा हलला म्हणावं तर मागचा पडदा स्थिर. तेच चित्र, तीच फाइल. मला भीतीच वाटली की कॅसेट खराब आहे.

कॅसेट उत्तम होती. पाल टीव्हीवर सेकंदाला 25 चित्रं येतात असं म्हणतात, पण खरी येतात 50 अर्धी चित्रं. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या ओळी. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात, आणि ही दोन फील्ड एकाच क्षणाची नसतात, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. एचडीव्हीमध्ये वरच्या ओळीपासून सुरू होणारं फील्ड आधी येतं, डीव्हीमध्ये खालचं आधी. प्रोग्रॅममध्ये एके ठिकाणी अप्पर आणि दुसऱ्या ठिकाणी लोअर राहिलं की नंतरचा क्षण आधी दिसतो आणि आधीचा नंतर. उडी तीन पावलं पुढे आणि एक मागे होते. कॉम्प्युटरचा पडदा दोन्ही फील्ड एकदम दाखवतो, म्हणून तिथे हे कळतच नाही. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक जुना 14 इंची टीव्ही आला आणि कॅमेऱ्यातून त्याला वायर गेली. टीव्हीसाठीचं काम टीव्हीवरच बघायचं, हे मला संकासुराने शिकवलं.

फील्डचा क्रम सुधारला तरी लढाईत अजून काहीतरी खटकत होतं. तलवार वेगाने फिरली की तिच्या कडेला कंगव्याचे दात यायचे. कारण पुन्हा तेच. चित्राची उंची कमी करताना कॉम्प्युटर दोन्ही फील्डना एकच चित्र समजून ओळी एकमेकींत कालवत होता. दोन वेगळे क्षण एका ओळीत मिसळत होते. नुसती रुंदी कमी करायची असती तर हे झालं नसतं. ओळी हलल्या की होतं. उपाय असा की आधी प्रत्येक फील्डचं एकेक पूर्ण चित्र करायचं, सेकंदाला पन्नास. ती लहान करायची. आणि मग पुन्हा त्यांच्यातून एकाआड एक ओळी वेचून फील्ड तयार करायची. फक्त एक फील्ड ठेवून दुसरं टाकून दिलं तरी दात जातात, आणि ते लवकरही होतं, पण मग हालचालीतली अर्धी चपळाई जाते. तलवारबाजीत ती घालवायला माझं मन तयार होईना. लांबचा रस्ता घेतला. रात्रभर रेंडर लावून जायचं आणि भारनियमनात इन्व्हर्टरने साथ द्यावी म्हणून देवाचं नाव घ्यायचं. राजाच्या शेल्याची आडवी जरीची किनार मात्र तरीही टीव्हीवर लुकलुकत राहिली. एका ओळीएवढी बारीक आडवी रेघ एकाच फील्डमध्ये येते, म्हणून ती सेकंदाला पंचवीसदाच दिसते. चित्र उभ्या दिशेने अगदी किंचित धूसर केलं तेव्हा ती शांत झाली.

एवढं झाल्यावर वाटलं, आता फक्त चौकट कुठे ठेवायची ते ठरवायचं. पण सगळ्यांत जास्त विचार त्यालाच लागला.

एक मार्ग होता चौकट सरकवण्याचा. पूर्ण काच भरणारं 4:3 कापायचं आणि बोलणाऱ्याच्या मागे चौकट न्यायची. राजा बोलला की डावीकडे, राक्षस बोलला की उजवीकडे. सिनेमे टीव्हीवर दाखवताना वर्षानुवर्षं असंच करत. मी एक प्रवेश तसा करून बघितला. राजा राक्षसाचा पाणउतारा करतोय असा तो प्रवेश. राजाचं लांबलचक भाषण चालू आहे आणि मध्येच प्रेक्षकांत हशा पिकतो. माझ्या चौकटीत राजा गंभीरपणे बोलतोय आणि लोक हसतायत. का हसतायत? मूळ रुंद चित्रात बघितलं तर उत्तर दिसतं. राक्षसाने एक शब्द न बोलता तोंड फिरवलंय, मिशीला पीळ दिलाय आणि मृदंगवाल्याकडे बघून भुवया उडवल्यात. मृदंगवाल्याने त्या भुवयांवर थाप दिलीय. ती थाप माझ्या चित्रात ऐकू येत होती, दिसत नव्हती. शिवाय चौकट सरकू लागली की वाटायचं कॅमेरामन फिरतोय. मावसभावाने तर तो प्रवेश मुद्दाम कॅमेरा न हलवता घेतला होता.

चित्र असं कापण्यावरून डेन्मार्कमध्ये कोर्टात खटला चालला हे मला पुढे वाचायला मिळालं. अमेरिकन दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांचा 'थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर' तिथल्या टीव्हीने 1991 मध्ये असाच कापून दाखवला. पोलॅक कोर्टात गेले. 1997 च्या निकालात असं कापणं म्हणजे कलाकृतीची मोडतोड आहे, हे कोर्टाने मान्य केलं. टीव्ही कंपनीला मात्र जबाबदार धरलं नाही. आमच्या दशावतारी नटासाठी कोर्टात कोण जाणार? पण मिशीचा तो पीळ त्याने त्या रात्री, त्या क्षणी, स्वतः शोधून काढलेला होता. तो कुठल्याही संहितेत नव्हता. माझ्या कापण्यात तो गेला असता तर कुठेच उरला नसता.

म्हणून ठरवलं ते असं. सगळं आख्यान 14:9 मध्येच. एकटा संकासुर असेल तिथे काच पूर्ण भरावी असा मोह झाला, पण पट्ट्या मध्येच येतात आणि मध्येच जातात हे डोळ्यांना फार टोचतं. कॅमेरा स्थिर असेल तोवर माझी चौकटही स्थिर. कापायचा तो साडेबारा टक्के भाग दोन्हीकडून सारखाच कापला पाहिजे असं मात्र कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा प्रत्येक शॉटला बघितलं की कुठली बाजू रिकामी आहे, आणि तिथूनच जास्त कापलं. वादकांकडची बाजू शक्य तितकी राखली. माझं मत ठाम आहे: दशावतारात मृदंगवाला हे तिसरं पात्र असतं.

चॅनलवर नाटक लागलं तेव्हा पट्ट्यांबद्दल फोन आले, नाही असं नाही. त्याहून जास्त फोन पुन्हा कधी लावणार म्हणून आले.

पुढे डीव्हीडीची मागणी आली आणि नवाच पेच. डीव्हीडीवर दाबलेलं रुंद चित्र ठेवलं तर प्लेअर स्वतःच टीव्हीप्रमाणे पट्ट्या लावतो, त्यासाठी प्लेअरच्या सेटिंगमध्ये 4:3 लेटरबॉक्स निवडलेलं असावं लागतं. गावातल्या बऱ्याच घरांत ते 16:9 वरच होतं आणि कुणी मेनू उघडलेला नव्हता. तिथे मुकुट पुन्हा लांबले. चाकरमान्यांकडे मुंबईत नवे सपाट रुंद टीव्ही येऊ लागले होते. त्यांना गावची 14:9 ची डीव्हीडी दिली तर चारही बाजूंना काळं, आणि मध्ये नाटक. शेवटी दोन वेगळ्या डीव्हीडी केल्या आणि पाकिटावर स्केच पेनने 'डबा' आणि 'सपाट' लिहिलं. दुकानदाराने ते शब्द लगेच उचलले.

पुढच्या जत्रेआधी मी मावसभावाला म्हटलं, "दादा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर 4:3 च्या दोन उभ्या रेषा मारून घे, म्हणजे महत्त्वाचं सगळं त्यांच्या आत राहील." तो म्हणाला, "मग कडांना मी काय भरू? नट कुठे उभे राहतात ते मी ठरवत नाही. ते बाकड्याच्या टोकांनाच जाणार." बराच वाद झाला. अखेर 14:9 च्या रेषांवर तडजोड झाली, त्यासाठी त्याने तिवई थोडी मागे घेतली. मूळ कॅसेटी पुसून पुन्हा वापरायचा त्याचा बेत होता, तो मात्र मी हाणून पाडला. कापलेल्या चित्रातून कडा परत मिळत नाहीत. सगळ्या कॅसेटी माझ्याकडे आहेत, उभ्या रचून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, कारण कोकणातला पावसाळा टेपला बुरशी आणतो. भाऊंच्या आईने नंतर सपाट टीव्ही घेतला, तेव्हा त्या कॅसेटींतूनच तिच्यासाठी अख्खं रुंद नाटक पुन्हा काढलं.